खांबाखालचा ऊस

४ ऑगस्ट, सोमवार

आज पहिल्यांदा 'जागा' बघितली. कॉलेजच्या मागं जुनी स्टोअररूम आहे, तिथं सरांनी खोटा गुन्हा मांडलेला. उलटी खुर्ची, फुटका कप, जमिनीवर कापूस भरलेला बाहुला, त्याच्या अंगात कुणाचा तरी जुना शर्ट. मी थेट बाहुल्याकडं गेले. सगळेच गेलो. सर दारातच उभे. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं? आता मागं वळून बघा."

दारातनं आत येताना जमिनीवर बारीक माती पसरलेली होती. तिच्यावर बुटाचा एक स्वच्छ ठसा होता म्हणे. होता.

घोरपडे सर. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत, निवृत्त झाल्यावर आम्हाला शिकवतात. "जागेवर गेलं की आधी हात खिशात घालायचे. डोळे पहिल्यांदा, पाय नंतर, हात सगळ्यात शेवटी." वैशालीनं विचारलं, "सर, आमच्या ड्रेसला खिसं कुठं असत्यात?" सर म्हणाले, "शिवून घ्या."

५ ऑगस्ट

शिवून घेतले. टेलरबाई विचारत होती, मोबाइलसाठी का? हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तासभर बसावं लागलं असतं.

१० ऑगस्ट, रविवार. घरी.

बीएस्सी झाली की पोरगी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटणार, असं अण्णांचं ठरलेलं. तिथनं रोज घरी येता येतं. त्याऐवजी मी हा फॉरेन्सिकचा डिप्लोमा घेऊन कोल्हापुरात खोली करून राहिले, हे त्यांच्या अजून गळी उतरलेलं नाही.

जेवताना म्हणाले, "म्हंजे चोराच्या मागनं हिंडायचं?"

"चोराच्या मागनं पोलीस हिंडतात, अण्णा. आम्ही चोर गेल्यावर जातो."

"मग काय उपेग?"

आई हसली. अण्णा नाही हसले. "आपल्या घरात कोण मुंगी मारत न्हाय, आणि तू लोकाची मढी बघायला निघालीस." मग आमटीत भाकरी कुस्करत, माझ्याकडं न बघता, "बघू वर्षभर." नाही म्हणाले नाहीत. आईच्या मते हे 'हो'च आहे. आई फार लवकर हो समजते.

२ सप्टेंबर, मंगळवार

रक्ताचे थेंब. किती उंचीवरनं पडला, सरळ पडला का तिरका, हे डागावरनं ओळखायचं. सरांनी खाटकाकडनं रक्त आणायला सांगितलेलं. मी काल केबिनमध्ये जाऊन म्हटलं, सर, आमचं जैनांचं पर्युषण चालू आहे, मी दुसरं काहीतरी बनवून आणू का. ते ओरडतील असं वाटलेलं. म्हणाले, "बनव. पण थेंब रक्तासारखा पडला पाहिजे, नुसता रंग नको."

पहिला प्रयोग: बीट आणि साखरेचा पाक. सरांनी बोटावर घेतलं. "हे रक्त नाही, जाम आहे." दुसरा फार पातळ. तिसऱ्यात कॉर्नफ्लॉवर शिजवून घातलं, थोडं पाणी सोडलं, आणि जमलं! सरळ पडला की गोल. तिरका पडला की लांबुळका, आणि ज्या दिशेला गेला तिकडं शेपूट. दुपारभर पांढऱ्या कागदावर थेंब टाकत बसलो. संध्याकाळी वर्गातली निम्मी पोरं माझंच रक्त वापरत होती.

सूर्य बुडायच्या आत मेसला पोचणं जमणार नव्हतं, नंतर आम्हाला चालत नाही. वैशालीनं दुपारीच दोन केळी लपवून ठेवलेली माझ्यासाठी. "खा की गं लवकर, अजून उजेड हाय." राधानगरीकडची आहे ती. घरी म्हशी, भात, आणि तीन भाऊ. बोलताना 'मी आलो, मी जेवलो' म्हणते. पुण्याकडची एक मुलगी दचकते दरवेळी.

१४ ऑक्टोबर

शवागार. सरकारी दवाखान्यात, लांबनं बघायचं फक्त.

वै. मधेच बाहेर गेली. मला वाटलेलं मी आधी जाईन. नाही गेले. का ते माहीत नाही. वासाचं नंतर काही वाटेना. त्या माणसाच्या नखांत सिमेंट होतं. पन्नाशीचा असेल. सकाळी कामावर गेलेला असणार, डबा घेऊन. डॉक्टर बोलत होते आणि मी तेवढंच बघत होते, नखं. कुणीतरी हे नीट बघायला पाहिजे, असं सारखं वाटत होतं. उरकून नाही. नीट.

अण्णांना न सांगता राहवेना. फोन केला. सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग, "आंघोळ केलीस का?"

"केली."

"डोक्यावरनं?"

"हो."

"बरं. मग आता जेव."

२१ नोव्हेंबर

आगीवर तास. सर: "आग ही साक्षीदार म्हणून वाईट. स्वतःच पुरावा खाते. जो उरतो तो विझवणारे तुडवतात. त्यातनं जो उरतो तो मालक आवरून टाकतो, कारण त्याला बघवत नाही." 

मालकाचं ऐकून कसंसंच झालं.

नोट्स वेगळ्या लिहिल्यात. इथं नको.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी.

नदीकडच्या तुकड्याचा ऊस डोक्याच्या वर दोन पुरुष. अण्णा खूश. फक्त भूपालकाकांचं नाव काढायचं नाही.

भू.का. म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. त्यांचं रान आमच्या रानाला लागून, मधे एक बांध. दिवाळीच्या आधी त्यांच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला, असं अण्णा म्हणतात. बांध आधीपासनंच तिकडं सरकलेला, असं काका म्हणतात. मोजणी कुणालाच नको, कारण मोजणी म्हणजे भाऊकी तुटली. म्हणून मग दोघं बोलायचे बंद. मला सायकल काकांनी शिकवली. आज देवळात दिसले, मी हात जोडले, त्यांनी मान हलवली. अण्णा शेजारी उभे होते, त्यांनी चप्पल शोधल्यासारखं केलं.

११ जानेवारी, रविवार

आईचा फोन. डेअरीवर दूध घालताना दोघांची जुंपली. काका म्हणाले, "बघतो तुझा ऊस कारखान्याला कसा जातोय ते." चारचौघात. आई म्हणते रागाचं बोलणं आहे, भूपाल तसा न्हाय. अण्णा ते वाक्य घरभर घोळवत बसलेत.

१८ जानेवारी, रविवार

बसमधे लिहितेय. ऊस पेटला. नदीकडचा सगळा. दुपारी. आई फोनवर रडत होती, माणसं बरी आहेत एवढं कळलं. अण्णांचे हात भाजलेत थोडे. वै. म्हणाली मी येतो तुझ्यासंगट, मी नको म्हटलं. जयसिंगपूर यायला अजून

१९ जानेवारी, सोमवार

कालचं आज लिहितेय.

स्टँडवरनं थेट रानात गेले. उजेड होता अजून थोडा. उसाचा पाला, पाचट सगळं गेलेलं. काळी दांडकी तेवढी उभी. वास गुळाचा. करपलेल्या गुळाचा. भाऊकीतली सगळी माणसं सऱ्यांमधनं हिंडत होती. अण्णा बांधावर बसलेले, हाताला फडकं. मला बघून म्हणाले, "बघ. तुझ्या काकानं लावली."

मी हात खिशात घातले. खरंच घातले. नाहीतर मी अण्णांचा हात धरून रडत बसले असते.

भूपालकाकांनी सकाळी त्यांच्या रानात पाला पेटवला होता. त्यांचा ऊस आधीच गेलाय, मागं राहिलेलं पाचट जाळत होते. हे सगळ्यांनी बघितलेलं. डेअरीवरचं वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं. झालं की मग. चुलतचुलत भाऊ सगळे म्हणत होते, चला पोलिसात, भूपालचं नाव घाला.

आणि आमच्या रानावरनं लाइटीच्या तारा जातात. कोपऱ्यात खांब. दुपारी वारं होतं. तारांकडं कुणी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर अण्णांना म्हटलं, तक्रार द्या, पण नाव घालू नका. 'आमचा ऊस जळाला' एवढंच लिहा.

"म्हंजे मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही काकांना लावताना बघितलं का?"

"त्यो बोलला तसा. सगळ्या डेअरीनं ऐकलंय."

"ऐकलेलं वेगळं, अण्णा. बघितलं का?"

ताटावरनं उठले. जेवले नाहीत. सूर्य कधीच बुडालेला, त्यामुळं तसेही जेवले नसते, पण ताटावर बसले होते. आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता झालं, आजच हे शिक्षण बंद.

सकाळी उठले तर अण्णा ओसरीवर अर्ज लिहीत होते, भाजल्या हातानं, अक्षर वेडंवाकडं. वाचून दाखवला. नाव नव्हतं. "एवढं बास का?" असं मला विचारलं. रागानंच. पण विचारलं.

१९ जाने., पुढं

अडचण अशी की जळीत ऊस थांबत नाही. आज-उद्या तुटला पाहिजे, नाहीतर वाळतो, वजन जातं, कारखान्यात कपात. तोडणीची टोळी सकाळीच आली. मुकादम एकदम खांबाकडनंच सुरुवात करणार, कारण तिकडं गाडीवाट. मी म्हटलं, थांबा. मुकादम अण्णांकडं बघायला लागला. ही कोण पोरगी मधेच.

अण्णांनी विचारलं, "कुठला कोपरा पायजे तुला?"

"खांबाखालचा. आणि बांधाकडची कड."

"किती येळ?"

"पोलीस पंचनामा करून जाईपर्यंत."

अण्णा मुकादमाकडं वळले. "नदीकडनं धरा. ह्यो कोपरा शेवटाला." मुकादम म्हणाला, गाडी लांब पडंल, मोळ्या वाहून कोण आणणार. अण्णा म्हणाले, "मी आणतो." आणि दोन खुंट्या ठोकून बैलाचा कासरा बांधला कोपऱ्याला. भाऊकीतला एकजण नेहमीसारखा आत शिरायला लागला तर त्याच्यावर ओरडले, "आत जायाचं न्हाय म्हंटलं न्हवं!" कुणी म्हटलेलं त्याला? पण असं वाटलं, काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मी फोटो काढले. आधी लांबनं सगळा तुकडा, मग मधलं, मग जवळचं. कंपासमधली पट्टी शेजारी ठेवून. कागदावर नकाशा, उत्तर दिशेचा बाण. कशाला हात लावला नाही.

काय दिसलं तेवढंच लिहिते:

खांबाच्या बुडाशी ऊस खालनंच थोडा करपलेला. पुढं जाईल तसा दांडक्याच्या शेंड्यापर्यंत काळा. म्हणजे तिथं आग नुकती धरत होती असं असू शकतं. असू शकतं.

तारांच्या खाली मातीवर करड्या रंगाचे चकाकते बारीक दाणे. अॅल्युमिनियम? तारा वाऱ्यानं एकमेकींना घासल्या तर असे दाणे पडतात. पण हे आजचे की मागच्या वर्षीचे, मला सांगता येत नाही.

बांधावर गवत हिरवं. एकाच जागी करपलंय, दोन हात रुंद. काकांच्या बाजूनं आमच्याकडं. किंवा आमच्याकडनं तिकडं. तिथं मातीला हलका डिझेलसारखा वास. इंजिन तिथंच ठेवतात दोघं, पाण्याच्या दिवसांत. तर वास त्याचाही.

भाऊ लोक भोवती उभे. "सांग की आता, कुणी लावली?" मी म्हटलं, मला माहीत नाही. एकजण हसला. "एवढं शिकून?" अण्णांची मान खाली.

त्या क्षणी फार वाटलं की काहीतरी सांगावं. खांब म्हटलं असतं तर काका सुटले असते. बांध म्हटलं असतं तर अण्णा जिंकले असते. दोन्ही तोंडात आलेलं.

२० जानेवारी, मंगळवार

काल दुपारचं राहिलं. आधी वायरमन आला. बाकीच्यांच्या मोटारी बंद, म्हणून तार ओढून घ्यायला. मी म्हटलं, पंचनामा झाला नाही अजून. तो म्हणाला, "ताई, तार काय ढिली न्हवती, आणि लोकं मला शिव्या घालत्यात." शिव्यांचं तरी खरं. अण्णा मधे पडले, "पावणं, च्या घ्या. पोलीस आलं की चढा." अण्णांना तारांशी काही घेणं नाही, त्यांच्या मनात अजून काकाच. तरी त्याला धरून ठेवलं. चहावर चहा.

हवालदार आले. पोट सुटलेले, घामाघूम. "कोल्हापूरची फॉरेन्सिकवाली तूच व्हय?"

"शिकतेय अजून."

"मग शिकीव आमास्नी बी." चेष्टेनं. पण कासरा ओलांडला नाही. बाहेर उभं राहून सगळं बघून घेतलं, मगच आत. दोन पंच घेतले, दोन्ही भाऊकीबाहेरचे. प्लास्टिकच्या पिशवीत माती भरायला लागले तेव्हा मी हळूच म्हटलं, वास उडून जाईल, काचेची घट्ट झाकणाची बरणी असली तर बरं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता खेकसणार. "हायत का बरण्या?"

आईनं घरातल्या द्यायला काढल्या. नको म्हटलं, लोणच्याच्या आहेत. दुकानातनं नव्या आणल्या, कोऱ्या. एकीत बांधावरची माती. एकीत करपल्या जागेपासनं लांबची माती, ताडून बघायला. दाणे वेगळे, कागदाच्या पुडीत. लाख, सह्या. मी कुठंच सही केली नाही, करायचीही नव्हती. मी कोण?

जाताना हवालदार म्हणाले, "तारंचं बगायला लाइटीचा साहेब येईल. माती जाईल तपासाला. लौकर काय व्हईल असं समजू नका." मग अण्णांना, "पोरगी हुशार हाय. जास्त बोलत न्हाय."

वायरमन खांबावर चढला. टोळीनं शेवटी कोपरा तोडला. अण्णांनी खरंच मोळ्या वाहिल्या, भाजल्या हातानं. मी आणि आईनंही.

२३ जानेवारी

वर्गात. सरांना फोटो दाखवले. नावं सांगितली नाहीत. त्यांनी खूप वेळ बघितले, पट्टी कुठं वाकडी लागलीय ते दाखवलं. एका फोटोत माझीच सावली पडलीय करपल्या गवतावर. त्याच फोटोत. रडू आलं.

"कुणाचं रान?"

"आमचं."

सरांनी चष्मा काढला. "मग तू तिथं असायलाच नको होतीस. घरच्या जागेवर आपण जात नाही." थोड्या वेळानं, "पण दुसरं कोण होतं? बरोबर. तू कुणी लावली ते सांगितलंस?"

"नाही सर. कळलंच नाही."

"तेच लिहून ठेव. कळलं नाही, हेसुद्धा निरीक्षण असतं."

वै. मला रंकाळ्यावर घेऊन गेली. भेळ, माझी बिनकांद्याची. तिनं तिच्यातला कांदा बाजूला काढून मला चिडवत खाल्ला. हसले शेवटी.

१ फेब्रुवारी, रविवार

घरनं परत निघाले. जयसिंगपूरच्या स्टँडवर भूपालकाका. माझी वाट बघत उभे होते, हे लगेच कळलं. वाळलेत.

"पोरी, बस चुकली तर चालंल का?"

बाकड्यावर बसलो. "तुझ्या बानं माझं नाव लिवलंय. सगळं गाव बोलतंय."

"काका, अण्णांनी नाव लिहिलेलं नाही. मी अर्ज वाचलाय."

त्यांना माहीत नव्हतं. मग समोर बघत म्हणाले, "डेअरीवर बोललो ते रागानं. देवाशप्पथ मी लावली न्हाय. पण..." टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाला मी पेटवलता. विझवला बी. पाणी मारलं. मग जेवायला गेलतो. पर कडंचा ढीग नीट विझला का, परत बगाय पायजे हुतं. बगितलं न्हाय मी. रोज झोपताना त्यो ढीग दिसतोय मला."

हे माझ्याजवळ का सांगितलं?

"काका, हे मला सांगून उपयोग नाही. हवालदारांना सांगा. जसं आहे तसं."

"सांगितलं की झालं. माझ्याच गळ्यात."

"तार असेल तर ते तारांवरनं कळेल. तुमचा ढीग असेल तर... ढीग असेल तर तुम्ही लावली असं होत नाही. चुकून गेली असं होतं. पण तुम्ही लपवलं आणि नंतर निघालं तर सगळे म्हणतील, लावली."

उठले. डोक्यावर हात ठेवला माझ्या. "बापासारखीच हाईस. तोंडावर बोलतीस." पुढची बस मिळाली. अण्णांना सांगायचं का हे? ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही. आणि ते काकांचं आहे, माझं नाही.

नाही सांगत.

८ फेब्रुवारी

आईचा फोन. काका स्वतः होऊन पोलिसात गेले, जबाब दिला. पाल्याचा ढीग, जेवायला जाणं, सगळं. गावात दोन तट. एक म्हणतो बघा, कबूल झाला. दुसरा म्हणतो, चोर कधी आपल्या पायानं जातोय का.

"अण्णा काय म्हणाले?"

"काय न्हाय. गोठ्यात जाऊन बसलेत."

१३ फेब्रुवारी

अण्णांचा फोन. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत, आई लावून देते. आज स्वतः.

"भूपालनं खरंच आपण हून सांगितलं?"

"हो असं ऐकलं."

"तुला ठावं हुतं?"

खोटं बोलता येईना. "स्टँडवर भेटले होते."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"ते त्यांनी सांगायचं होतं, अण्णा."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. मग म्हणाले, हात बरा झालाय, नवीन कातडी आलीय, लालभडक. आणि खोडव्याला पाणी दिलंय, जळलेल्या बुडख्यातनं फुटवं आलंय, दाट. आणि फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

परीक्षा. कागदपत्रं, अक्षरओळख. पेपर बरा गेला. वै. मधेच पेनची शाई संपल्यासारखी बसलेली, नंतर सुटली.

४ मार्च, बुधवार

यादी लागली. मी आणि वै. दोघी फिरत्या पथकाबरोबर शिकाऊ. गाडीबरोबर जायचं, बघायचं, सांगितलं तर पिशव्या धरायच्या. मोठ्या गुन्ह्यात आता तज्ज्ञांना जागेवर जावंच लागतं, म्हणून माणसं पाहिजेत. पुढं कंत्राटी जागा निघतील म्हणतात. निघतील तेव्हा निघतील. वै. वर्गात नाचली.

अण्णांना सांगितलं. "गाडीत पुढं बसतीस का मागं?" हा पहिला प्रश्न.

१० मार्च

पहिली खरी जागा. घरफोडी, एका चाळीत. म्हाताऱ्या आजी एकट्याच राहतात. पथकाच्या मॅडम कपाटावर ठशांची पावडर मारत होत्या, मी शेजारी पिशव्या घेऊन. आजी सारख्या म्हणत होत्या, चहा टाकते, पोरींनो उन्हाचं आलाय. स्वयंपाकघर अजून बघायचं होतं, तिथं कुणी जायचं नव्हतं. आजींना वाटलं आम्ही त्यांच्या हातचं घेत नाही. तोंड एवढंसं झालं. मग मॅडमनी काम थांबवून त्यांना जवळ बसवलं आणि सगळं समजावलं: हा डबा चोरानं उघडलाय, त्यावर त्याचं बोट असेल, आपण धरला तर पुसेल. आजींना पटलं. मग त्याच सगळ्यांना दरडावायला लागल्या, शेजाऱ्यांना सुद्धा. "हात लावू नका! बोट पुसतंय!"

काम संपल्यावर चहा घेतला. उजेड होता.

एक ठसा चांगला मिळाला. कुणाचा ते अजून काही नाही.

१५ मार्च, रविवार

घरी गेले नाही, ड्यूटी. हवालदारांना फोन केलेला अण्णांनी. मातीचं काही आलेलं नाही. तारांचा साहेब येऊन बघून गेला, तो लेखी देणार आहे, कधी ते माहीत नाही. गावात अजून दोन तट. आई म्हणते काकूनं विहिरीवर बघून न बघितल्यासारखं केलं, पण परवा आमची म्हैस व्यायली तर खरवसाची वाट बघतेय असा निरोप तिसरीकडनं आला. आईनं वाटी भरून फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलीय. पाठवायची का नाही ते ठरत नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळी अण्णांचा फोन. मी कपडे वाळत घालत होते.

"एक विचारायचं हुतं. तुमच्या त्या कायद्यात..."

"काय?"

"रिपोर्ट यायच्या आधी मी भूपालकडं गेलो तर चालतंय का? म्हंजे केसला काय बाधा येती का?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. मग कळलं.

"काही बाधा येत नाही, अण्णा. भावाकडं जायला काय."

"रिपोर्टात त्येचंच नाव आलं तर?"

"तर येईल. ते तेव्हा बघू."

"आणि तारंचं आलं तर मी आधीच गेल्तो, असं हुईल."

"हो."

"हं." आणि मग, नेहमीसारखं, "बरं, बरं," आणि कट.

दुपारी पथकाचा निरोप, तासाभरात निघायचं, शिरोलीकडं एका कारखान्यात. बॅग भरली. निघायच्या आधी आईला लावला. अण्णा कुठायत म्हटलं.

आई म्हणाली, "काय की. मी रानातनं आले तर चप्पल दारात न्हाय. खरवसाची वाटी पण न्हाय."